तळ्याकडे पाठ करा आणि ओढ्याने खाली चालत सुटा

मातीच्या बांधाचं तळं तपासायला आणि त्याच्या धोक्याचा वर्ग ठरवायला निघालात, तर टेप, डम्पी (पातळी मोजायची दुर्बीण), पाणी, टोपी हे सांगायला नको. गमबूट मात्र घ्याच, पायथ्याच्या गवतात घोणस असते.

पाटण बाजूला एका कृषी पर्यटनवाल्याचं बोटिंगचं तळं आहे, मातीचा बांध आठ मीटर उंच. मे महिन्यात मी तो दिवसभर तपासला, खाली नुसतं रान दिसलं, आणि धोक्याच्या रकान्यात 'कमी' लिहून मोकळा झालो. दिवाळीनंतर सहज गेलो तर तळं काठोकाठ, आणि खाली ओढ्याच्या कडेला ऊसतोडवाल्यांच्या कोप्या. चुली पेटलेल्या, पोरं पाण्यात. पोटात गोळा आला.

म्हणून पहिलं काम ओढा. बांध पक्का आहे की भेगाळलेला, यावर धोक्याचा वर्ग ठरतच नाही. तो फुटला तर खाली कोण सापडेल, यावर ठरतो. कालच बांधलेल्या ठणठणीत बांधाखाली एक घर असलं तरी वर्ग 'जास्त'. हे मला पाठ होतं, तरी चुकलो, कारण चाललो नाही. तुम्ही चाला. मेमध्ये एकदा आणि ऊस तुटत असताना पुन्हा एकदा. फरशी पूल, विहिरीवरची खोली, मेंढरांचा वाडा, सगळं लिहा. रात्री तिथं कोण झोपतं ते विचारा. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ ला फुटलं ते रात्रीच. मालकाने स्वतःचे तंबू सावली बघून बांधाखालीच ठोकलेले असतात, तेही मोजा.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, १० ते १५ मधल्यांना काही अटींवर. आठ मीटरवाल्याला विचारायला कोणी येणार नाही.

आता बांध. माथ्यावर डम्पी लावून पातळी घ्या. भराव मधोमध बसतो आणि पाणी तिथूनच आधी उलटतं. मातीवरून पाणी उलटलं की तिचं काही खरं नाही. बाभळी, खेकड्यांची आणि उंदरांची बिळं बघा. पायथ्याला नितळ पाझर असेल तर बादली लावून मोजा, पुढच्या वेळी ताडून बघा. गढूळ असेल तर आतली माती निघून चाललीय; वही मिटा आणि आधी खालची माणसं हलवा. सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी निघून जायच्या वाटेवर, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी, बोटी तळाला टेकू नयेत म्हणून वाळूची पोती! दोन्ही समोर उभं राहून काढायला लावा, "उद्या काढतो" ऐकू नका.

ओढ्याने चाललात का? नसाल तर अजून रकाना भरू नका.

मग बाकीचं नोंदवा: पिचिंग (बांधाच्या पाण्याकडच्या उतारावरचे दगड), झडपेची किल्ली, फोटो, तारीख. तलाठी आणि पोलीसपाटलांचे नंबर मालकाकडे असतात. ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा नसतो, आणि तो दर हंगामाला बदलतो.