चार दिवस, एक बोल्ट

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी बाबांची २००३ सालची मारुती ८०० आहे. दोन वर्षांपूर्वी गतिरोधकावरून जाताना पुढून डावीकडे खटखट ऐकू यायला लागली. चाक उचलून लोअर आर्म (चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणारा खालचा दांडा) पहारीने हलवून पाहिला, तर आतल्या टोकाच्या बुशचं, म्हणजे लोखंडी नळीभोवती रबर असलेल्या सांध्याचं, रबर एका बाजूने फाटलेलं. नवा आर्म बुशसकट मिळतो. जुना काढायचा, नवा लावायचा. व्हिडिओत एक माणूस हे तासाभरात करून हात पुसतो. मला चार दिवस लागले, आणि त्यातले तीन एका बोल्टपायी गेले.

व्हिडिओतली गाडी बहुतेक कोरड्या मुलखातली असते. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि बाकीचे महिने खारा वारा. इथे वीस वर्षांच्या गाडीखालचा बोल्ट गंजला यात गाडीचा काही दोष नाही. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. बोल्ट आणि भोक यांच्यात केसाएवढी फट असते, ती गंजाने भरते आणि मग तोच गंज पाचरीसारखा घट्ट बसतो. म्हणून जाम बोल्ट म्हणजे 'फार आवळलेला' बोल्ट नव्हे. हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर पाठ वाचली असती.

आधी गाडी उचलण्याबद्दल. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, जाम बोल्टच्या कामात तर मुळीच नाही, कारण आपण गाडीला धक्के देणार असतो. दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) विकत घ्या. आमचं अंगण जांभ्याचं आणि मातीचं, घोडीचे पाय रुततात, म्हणून मी खाली जाड फळ्या घातल्या. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक-अब्सॉर्बरच्या उभ्या खांबाच्या) वरच्या टोकाचा मधला नट या कामात सोडवावा लागत नाही. तिकडे हातही लावू नका, तो दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो.

आता मूळ गोष्ट. बोल्ट निघत नाही म्हणजे नेमकं काय कशाला चिकटलंय? नट बोल्टच्या आट्यांवर चिकटलेला असू शकतो. किंवा नट सुटतो, पण बोल्टचा दांडा बुशच्या आतल्या लोखंडी नळीला चिकटलेला असतो. दोन्हींचं औषध वेगळं आहे.

माझा नट तुलनेने शहाण्यासारखा वागला. तारेच्या ब्रशने आटे घासले, गंज सोडवणारं तेल संध्याकाळी आणि सकाळी असं दोन दिवस घातलं. बारा कोनी गोटी (सॉकेट) कपाटात ठेवून सहा कोनी वापरली, कारण बारा कोनी गोटी नटाच्या कोपऱ्यांना धरते आणि कोपरेच झिजवते. नट सोडवण्याआधी किंचित आवळायचा. कट्ट असा बारीक आवाज येतो, गंजाचा थर फुटतो. मग पाव फेरी सोडायची, पुन्हा थोडा आवळायचा, तेल घालायचं. हा धीर मला नव्हता. मी आधी पान्यावर पाइप चढवला होता. मीटरभर पाइपच्या टोकाला ३० किलोचा जोर दिला की जवळजवळ ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, होतो. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे मजबुतीचा दर्जा) १२ मिलीमीटरचा बोल्ट साधारण ८०-९० ला आवळायचा असतो. म्हणजे पाइपने नट सुटला नाही, तर बोल्ट तुटणार हे ठरलेलं. बाबा ओट्यावरून म्हणाले, "गाडी दुरुस्त करतोयस की भंगारात घालतोयस?" पाइप बाजूला ठेवला.

नट निघाला. मग बोल्टचं डोकं फिरवलं, तर ते सहज वळलं. मी खुशीत बाबांना हाक मारली. पाना सोडला आणि डोकं आपोआप मागे फिरलं. पुन्हा तेच. बोल्ट सुटत नव्हताच, उरलेलं रबर पिळवटत होतं. बोल्ट आणि नळी एकजीव झाली होती. वळून मागे येणारा बोल्ट दिसला की समजा, आता पान्याचं काम संपलं.

इथे हातोडा येतो. पण उघड्या आट्यांवर ठोकलं तर टोक पसरतं आणि बोल्ट भोकातून कधीच निघत नाही. नट परत चढवायचा, त्याची बाहेरची बाजू बोल्टच्या टोकाच्या पातळीत आणायची, मग ठोकायचं. हळू हळू शंभर टोले मारण्यापेक्षा जड हातोड्याचे पाच नीट टोले बरे. चश्मा हवाच, गंजाचे कपचे थेट डोळ्यात येतात. माझा बोल्ट तीन मिलीमीटर सरकला आणि बसला.

मग उष्णता. गॅसचा छोटा टॉर्च नटासाठी उत्तम. १२ मिलीमीटरचं भोक ३०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.०४ मिलीमीटर मोठं होतं, आणि गंजाची पकड मोडायला तेवढं पुष्कळ. पण नळीभोवती रबर असतं, ते पेटतं, काळा धूर होतो. शेजारी ब्रेकचा रबरी पाइप असतो. आणि ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग कधीच तापवू नये. क्लोरीन असलेलं क्लीनर तापलं की विषारी फॉस्जीन वायू तयार होतो. मी दोन मिनिटं ज्योत लावली, रबराचा वास घराभर गेला, आईने खिडक्या लावल्या, आणि टॉर्च बंद झाला.

तिसऱ्या रात्री जेवताना एक साधी गोष्ट लक्षात आली. या सगळ्यात मी वाचवत काय होतो? आर्म नवा आणलेला, बोल्ट नवा आणलेला. फक्त गाडीच्या अंगावरचा, आर्म ज्यात बसतो तो ब्रॅकेट वाचायला हवा होता. कोणता भाग गेला तरी चालेल हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवं होतं. चौथ्या दिवशी हॅकसॉचं नुसतं पान, एका टोकाला कापड गुंडाळून, बुशची नळी आणि ब्रॅकेट यांच्या फटीत घातलं आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. ग्राइंडर होता, पण तिथे त्याचं चाक शिरत नव्हतं. दीड तास आणि चार पानं. आर्म खाली पडला. उरलेले दोन तुकडे हाताने निघाले.

मात्र नट आत वेल्ड केलेला असेल अशा जागी ही युक्ती धरू नका. तिथे बोल्ट आत तुटला तर काम अंगणात संपत नाही.

आर्मच्या चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा गोल सांधा) धरणारा आडवा बोल्ट असतो. तो सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो जॉइंटच्या दांड्याच्या खाचेतून जातो. आमच्या गाडीत त्याचं १४ चं डोकं आधीच कोणीतरी गोल करून ठेवलेलं. १३ ची जुनी गोटी हातोड्याने ठोकून बसवली आणि एका दमात निघाला. कधीकधी अशी मेहेरबानी होते.

बसवताना नव्या बोल्टच्या दांड्याला ग्रीस लावलं, आट्यांना नाही. आटे ओशट असले की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट लावू नका, त्याच ग्रेडचा घ्या. आणि बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मी तो हवेत आवळला होता. दुसऱ्या दिवशी आठवलं, परत सैल करून आवळला. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट, म्हणजे कोन जुळवणं.

उजव्या बाजूचा बोल्ट अजून तसाच आहे. दर रविवारी त्याच्यावर तेल घालतो.