सेंट पॅट्रिक्स डेला किल्ट घालू का? घालायचाच असेल तर कसा?

मार्च लागला की आमच्या डब्लिनच्या मराठी ग्रुपवर हा प्रश्न येतोच: सेंट पॅट्रिक्स डे, म्हणजे १७ मार्चचा आयर्लंडचा राष्ट्रीय सण, त्याला किल्ट, म्हणजे पुरुषांचा घड्यांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालायचा का? नवीन आलेला कोणीतरी मुलगा विचारतो, "दादा, १७ तारखेला परेडला जायचंय, ऑनलाईन किल्ट दिसतोय स्वस्तात, मागवू का?" दरवेळी तेच टाईप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी उत्तर सांगतो. आयर्लंडमध्ये असाल तर किल्ट नको, काहीच गरज नाही. इथे १७ मार्चला रस्त्यावर किल्टमध्ये दिसतात ते मुख्यतः बॅगपाईप वाजवणारे पाईप बँडवाले, बाकी पब्लिक जीन्स, जॅकेट आणि काहीतरी हिरवं. न्यूयॉर्कला वगैरे असाल तर गोष्ट वेगळी आहे, तिथल्या पोलीस आणि फायर ब्रिगेडचे आयरिश पाईप बँड किल्ट घालूनच परेडमध्ये चालतात आणि आयरिश अमेरिकन लोकांनी तो पोशाख मनापासून आपला मानलाय, त्यामुळे तिथे घातलात तर कोणाला खटकणार नाही.

आता इथे नको का म्हणतो ते ऐका. किल्ट मुळात स्कॉटलंडच्या हायलँडचा, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागाचा. तिथे १६ व्या शतकाच्या शेवटी अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्ट्याने आवळायचं मोठं कापड आलं, त्याचाच खालचा अर्धा भाग १८ व्या शतकात वेगळा झाला तो आजचा किल्ट. कलोडनच्या लढाईत हायलँडवाल्यांचं बंड मोडल्यावर १७४६ साली ब्रिटिश सरकारने हायलँडच्या पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ ला उठली, म्हणजे स्कॉटिश माणसासाठी त्या कापडामागे किती काय काय आहे बघा. आयर्लंडमधले जुने लोक घालायचे ती लेन्या, म्हणजे लिननचा लांब सैल अंगरखा, बऱ्याचदा केशरी-पिवळ्या रंगात रंगवलेला, आणि वरून ब्रात नावाची लोकरीची घोंगडीसारखी शाल. लेन्या कमरेला बांधून वर खेचली की गुडघ्यापर्यंत यायची, म्हणून जुनी चित्रं बघून पुढे कित्येकांना वाटलं की हा किल्टच आहे.

पण म्हणून आयरिश किल्ट खोटा असं मी म्हणणार नाही, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १८९३ ला गेलिक लीग सुरू झाली, आयरिश भाषा वाचवायची, आपलं जे जे आहे ते परत उभं करायचं असं वारं होतं. पँट म्हणजे इंग्रजांची वाटायची, मग स्कॉटलंडचे गेल, म्हणजे गेलिक भाषेचे लोक, आपलेच भाऊबंद, त्यांचा किल्ट घेऊ, पण चौकड्यांशिवाय, एका रंगाचा, केशरी नाहीतर हिरवा, असं काही जणांनी ठरवलं. पॅट्रिक पिअर्सने १९०८ ला शाळा काढली, तिथली मुलं किल्ट घालायची, आणि त्याच पिअर्सला १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावानंतर ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या. आजही आयरिश सैन्याच्या पाईप बँडचा किल्ट केशरीच असतो. म्हणजे या कापडाला शंभर वर्षांच्या वरचा इतिहास आहे आणि त्यात लोकांचे जीव गेलेत, फॅन्सी ड्रेस म्हणून नाही घालायचा तो.

काही वर्षांपूर्वी आमच्यासोबत राहणारा एक मुलगा लालभडक चौकड्यांचा किल्ट घालून परेडला आला होता. तो लाल पॅटर्न म्हणजे रॉयल स्टुअर्ट, ब्रिटनच्या राजघराण्याचा, त्याला बिचाऱ्याला काय माहीत, साईटवर पहिला तोच दिसतो. ओ'कॉनेल स्ट्रीटवर शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी अगदी प्रेमाने विचारलं, "स्कॉटलंडमध्ये कुठले तुम्ही लोक?" हा गप्प झाला, मग म्हणाला, आम्ही भारतातले. आजोबांनी काही न बोलता स्वतःच्या कोटावरची शॅमरॉकची, म्हणजे आयर्लंडचं चिन्ह असलेल्या तीन पानांच्या रोपाची, जुडी काढली, अर्धी तोडली आणि त्याच्या जॅकेटला लावून दिली, हात थरथरत होते त्यांचे, पिन लागायला वेळ लागला, पण लावलीच. तो मुलगा आजही त्याबद्दल बोलतो.

तेव्हा तुम्हाला घालायचं असेल तर आधी शॅमरॉक. लिओ वराडकर, ज्यांचे वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, ते आयर्लंडचे पंतप्रधान असताना सेंट पॅट्रिक्स डेच्या निमित्ताने व्हाईट हाऊसला शॅमरॉकचं काचेचं भांडं द्यायला जायचे, तेव्हाही साधा सूट आणि कोटाला शॅमरॉक एवढंच. शॅमरॉक तीन पानांचाच असतो हां, चार पानांचं ते वेगळं, लकी म्हणून विकतात ते. सणाच्या आदल्या आठवड्यात दुकानात छोट्या जुड्या मिळतात, देठ ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी निघताना डाव्या छातीवर लावा, देठाला ओला कापूस आणि वर थोडी फॉईल गुंडाळली तर दुपारपर्यंत टिकतो, नाहीतर परेड सुरू व्हायच्या आतच मान टाकतो.

बाकी कपडे म्हणाल तर हिरवा स्वेटर, नाहीतर तुम्ही राहता त्या काउंटीची (जिल्ह्याची) जीएए जर्सी, म्हणजे तिथल्या आयरिश खेळांच्या संघाची, ती घातली की लोक स्वतःहून बोलायला येतात. वरून पावसाचं जॅकेट पाहिजेच, मार्चमधला वारा हाडात शिरतो. आणि तुमचं मंडळ परेडमध्ये चालणार असेल तर सरळ फेटा बांधा, नऊवारी नेसा, आत थर्मल घाला आणि वर शॅमरॉक लावा. इथल्या परेडमध्ये बाहेरून आलेले लोक आपापल्या पोशाखात चालतात आणि बघणाऱ्यांना ते खरंच आवडतं.

तरीही किल्टच हवा असेल, लग्नाचं आमंत्रण आहे किंवा बँडमध्ये वाजवताय, तर भाड्याने घ्या. स्वस्तातले ऑनलाईन किल्ट बरेचसे ॲक्रिलिकचे, घड्या लगेच मोडतात, लोकरीचा अंगावर पडतोच वेगळा. रंग एकरंगी केशरी किंवा हिरवा घ्या. दुकानदार काउंटीचे टार्टन, म्हणजे चौकड्यांचे पॅटर्न, दाखवेल, ती डिझाईन बहुतेक १९९० च्या दशकातली आहेत, आवडलं तर घ्या पण प्राचीन समजून घेऊ नका. जुनं म्हणावं असं एक अल्स्टर टार्टन आहे, १९५६ ला उत्तर आयर्लंडमधल्या डंगिव्हनजवळ मातीत सापडलेल्या कपड्यांवरून केलेलं, पण ते कपडेही किल्ट नव्हतेच, त्यात पँट होती.

घालताना माप बेंबीपाशी घ्या, जीन्सच्या कमरेचं माप देऊ नका, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. घड्या मागे, सपाट भाग पुढे, खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर. पिन उजवीकडे खालच्या कोपऱ्यात आणि फक्त वरच्या पदराला, दोन्ही पदर एकत्र टोचले तर चालताना कापड ओढलं जातं आणि फाटतं. पुढची चामड्याची पिशवी बकलच्या खाली चार बोटं, मोजे दुमडून गुडघ्याखाली चार बोटं. मोज्यात छोटी सुरी खोचायची स्कॉटिश पद्धत आहे, गर्दीत ती अजिबात नको. आतून अंतर्वस्त्र घालाच, वारा आहे, लहान मुलं आहेत. बसताना मागच्या घड्यांवरून हात खाली फिरवून मग बसा, आपल्याकडे बायका परकर सावरून बसतात ना, तसंच.

काय टाळायचं ते पण सांगून ठेवतो. लाल दाढी आणि हिरवी टोपी लावून लेप्रेकॉन (आयरिश लोककथेतला बुटका) बनू नका, आणि दारुडे आयरिश छापाचे टीशर्ट तर नकोच, शतकानुशतकं त्यांना याच शब्दात हिणवलंय. 'पॅटीज डे' लिहू नका, पॅडीज डे म्हणतात, पॅटी हे बाईचं नाव. पबमध्ये कार बॉम्ब नावाचं ड्रिंक चुकूनही मागू नका, इथे खऱ्या कार बॉम्बमध्ये माणसं गेलेली घरं आहेत. बेलफास्टला, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये, जाणार असाल तर आयर्लंडचा झेंडा नेऊ नका, तिथे तो वादाचा विषय आहे, शॅमरॉक पुरे.

आणि रात्री घरी येऊन तो सुकलेला शॅमरॉक लगेच कचऱ्यात टाकू नका. जुनी रीत अशी आहे की दिवसाच्या शेवटच्या ग्लासात तो बुडवायचा, सगळ्यांच्या नावाने पिऊन टाकायचं आणि तळाची पानं डाव्या खांद्यावरून मागे फेकायची. आमच्या घरी कोणी पीत नाही, आम्ही ताकात बुडवतो.