कुत्रं सारखं कुईंकुईं करतंय? आधी वेळ लिहा

दिवाळीनंतरची गोष्ट. आमचा मोत्या चार दिवस सारखा कुईंकुईं करत होता. खाणं व्यवस्थित, शेपूट हलतंय, अंगावर जखम नाही. आई म्हणाली, "त्याला काहीतरी दिसतंय, भाकरीचा तुकडा ओवाळून टाक." मी दूध-भाकर वाढवून पाहिली, मग दटावून पाहिलं. पाचव्या दिवशी पुढच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात कुसळ सापडलं. आमच्या परभणीकडं त्या दिवसांत बांधावरचं गवत वाळतं आणि कुसळं अशी कातडीत आत आत जातात. त्या फजितीनंतर मी पुढचा क्रम पाळतो.

घाईची लक्षणं आधी पाहा. पोट फुगलंय आणि ओकारीचे उमाळे येऊन काहीच पडत नाही. किंवा पाय वर करून उभं राहतं पण लघवीला होत नाही. किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्यात. यातलं एकही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. आवाज घोगरा झालाय, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तर घशात हाड अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळलेल्या कुत्र्यातही हेच दिसतं. त्याला वेगळं कोंडा. कुणाला चावलं असेल किंवा लाळ जखमेला लागली असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवून त्याच दिवशी लस घ्या.

तसं काही नसेल तर दोन दिवस वेळ लिहा. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या कोपऱ्यात लिहिलं तरी चालतं: किती वाजता, कुठं, त्याआधी काय झालं, कशानं थांबलं. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओही घ्या, कारण दवाखान्यात गेलं की ही मंडळी हटकून गप्प बसतात. उठता-बसताना कण्हत असेल तर सांध्यांवर संशय घ्या. तुम्ही चप्पल घातली की सुरू होत असेल, तर त्याला एकटं राहणं सोसत नाही. माणसाला ऐकू येत नाहीत असे बारीक, तीव्र आवाज कुत्र्याला ऐकू येतात, म्हणून ठरावीक यंत्र सुरू झाल्यावर रडतंय का, हेही टिपा.

मग अंग चाचपा. हे घाईत उरकू नका. कुत्रं निवांत असताना नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवा आणि कुठं अंग चोरतं ते बघा. कान उलटून वास घ्या; घाण वास आणि सारखं डोकं झटकणं म्हणजे कान बिघडलाय. बोटांच्या बेचक्या, काखा, शेपटीखालची जागा तपासा. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहणाऱ्या कुत्र्याच्या तळव्यात तुरीचं धसकट घुसलेलं असू शकतं. गोचीड कानात आणि बेचक्यांत दडून बसतात. त्यांच्यामुळं येणाऱ्या तापात कुत्रं मलूल होतं, कधी नाकातून रक्तही येतं. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं: 101 ते 102.5 फॅरनहाइट नेहमीचं, 103 च्या वर ताप समजा. थर्मामीटर गुदद्वारातूनच लावायचा. नाक गरम लागलं म्हणजे ताप, हे खरं नाही. आणि घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्याला ती विषासारखी बाधतात.

आता जागा बघा. मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेलं कुत्रं कण्हणारच. सावली सरकते, साखळी सरकत नाही. दुपारी बाराला आणि तीनला स्वतः जाऊन बघा की पाणी गरम झालंय का, ऊन कुठं आलंय. लातूरकडची कारवानी कुत्री सशामागं धावायला पोसलेली. त्यांना चार फुटांच्या साखळीला दिवसभर बांधलं तर ती रडतील नाहीतर काय करतील? सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा तास तरी फिरवा.

आसपास कुत्री माजावर आली की नर रात्र रात्र रडतो. माजानंतर साधारण दोन महिन्यांनी मादी गाभण नसतानाही जुनं पायताण पिलासारखं कुशीत घेऊन कुईंकुईं करते. म्हाताऱ्या कुत्र्याला रात्री दिशा कळेनाशी होते, त्याच्याजवळ बारीक दिवा ठेवा.

एवढं करून काही सापडलं नाही, तर बहुधा सवय आपणच लावलेली असते. आमच्या आईनं लावली होती: कुईं केलं की भाकरी! मोडायची कशी? रडताना बोलायचं नाही, बघायचं नाही, रागवायचंही नाही, कारण त्याच्या लेखी तेही लक्षच. पाच सेकंद गप्प बसलं की लगेच तुकडा. मग दहा सेकंद, मग वीस. पहिले काही दिवस रडणं वाढतं आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी विरघळतं. एकदा विरघळलात की ते जास्त जोरात रडायला शिकतं. म्हणून आधी घरच्यांची बैठक घ्या. आईला मी गप्प मोत्याला भाकरी द्यायचं काम दिलं.

आठवड्यात फरक नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, किंवा 1962 या जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या नंबरवर फोन करून विचारा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथंही नेता येतं. जाताना तो कालनिर्णयाचा कागद आणि व्हिडिओ सोबत असू द्या.