काल्पनिक जगात पूल बांधताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या अद्भुतकथेत राजाने दसऱ्याला हुकूम सोडला आणि दिवाळीच्या आत त्याची फौज दगडी पुलावरून नदीपार गेली. बावीस कमानी, मधोमध मनोरा, सगळं यथासांग. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या मामांना ती वाचायला दिली. त्यांनी एवढंच विचारलं, "पाया कधी घेतलास?"

"मामा, जादूचं जग आहे ते."

"असू दे की. नदीत पाणी आहे ना?"

त्यानंतर मित्रमैत्रिणींच्या बऱ्याच कथा वाचल्या. पूल आला की चुका ठरलेल्या असतात.

पुलाची जात न ठरवता मुदत ठरवणं

नुसतं 'पूल' लिहून भागत नाही. ज्युलियस सीझरच्या सैन्याने इ.स.पू. ५५ मध्ये ऱ्हाइन नदीवर लाकडी पूल बांधला. लाकूड गोळा करायला लागल्यापासून दहा दिवसांत तो तयार होता, आणि पलीकडे १८ दिवस काढून परतल्यावर त्यांनी तो स्वतःच मोडला. लंडनचा जुना दगडी पूल ११७६ मध्ये सुरू झाला तो १२०९ मध्ये पुरा झाला. त्याची उभारणी हाती घेणारा पीटर ऑफ कोलचर्च १२०५ मध्येच वारला. दहा दिवसही खरे आणि ३३ वर्षंही खरी. कथेत फौजेला आठवड्यात पार जायचं असेल तर लाकूड नाहीतर नावा वापरा, दगडाच्या नादाला लागू नका.

दिवस मोजणं आणि ऋतू विसरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपल्याला वाटतं, वेळ दगडावर दगड चढवण्यात जातो. तो जातो पाण्याखाली. खांब उभा करायचा तर आधी त्या जागेभोवती लाकडी खुंट ठोकून कुंपण करायचं, त्याच्या फटी मातीने बुजवायच्या, आतलं पाणी रात्रंदिवस उपसायचं, मग गाळ काढत कठीण थरापर्यंत जायचं. हे सगळं नदी उतरलेली असतानाच. आपल्याकडच्यासारखा पावसाळा असेल तर दसऱ्याला पाणी धड उतरलेलंही नसतं, आणि मृग लागायच्या आत खांब पाण्याच्या वर यायला हवा. नाही आला, तर पहिल्या पुरात खुंट, कुंपण, मेहनत सगळं गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा.

म्हणून हिशोब असा करा: एका कोरड्या हंगामात किती खांब? लंडनच्या त्या जुन्या पुलाला १९ कमानी होत्या. सरासरी काढली तर एका कमानीला पावणेदोन वर्षांच्या आसपास पडतात.

खांब झाले तरी सुटका नाही. कमान माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, तिला खालून लाकडी सांगाडा लागतो. शिवाय पुरी झालेली कमान खांबाला बाजूला ढकलत असते. खांब जाड असले तर एकेक कमान बांधून तोच सांगाडा पुढच्या दोन खांबांमधल्या जागेत नेता येतो. नाजूक, देखणे खांब हवे असतील तर बहुतेक सगळ्या कमानी एकदम सांगाड्यावर धराव्या लागतात. म्हणजे आधी अख्खं जंगल तोडा. तुमच्या राज्यात ते आहे का, आणि ते कोणाचं आहे? इथे एक बरं उपकथानक फुकटात मिळतं.

'माणसं दुप्पट, वेळ निम्मा'

त्या कुंपणाच्या आत किती माणसं मावतात? पाच हजार मजूर आणले तरी चार हजार नऊशे काठावर बसून भाकरी खाणार. जास्त माणसांचा उपयोग खाणीत, वाहतुकीत आणि एकाच वेळी अनेक खांब सुरू करायला होतो. रोमन सम्राट ट्रेजनने डॅन्यूब नदीवर २० खांबांचा, किलोमीटरभराहून लांब पूल इ.स. १०५ पर्यंत दोन-तीन वर्षांत उभारला, कारण फौज आणि खजिना दोन्ही हाताशी होते. शिवाय खांबांवरच्या कमानी लाकडी होत्या. हा तडजोडीचा मार्ग कथाकारांना फार सोयीचा आहे.

आजच्या यंत्रांची मुदत मात्र उचलू नका. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि नवा १६५ दिवसांत उभा राहिला. तुमच्या राजाकडे काँक्रीट नाही.

जादूने सगळंच उरकणं

जादूगाराने शिळा उचलल्या, ठीक. चुना कोण वाळवणार? जादू नेमकी कुठली अडचण सोडवते ते ठरवा आणि बाकीच्या तशाच राहू द्या. वाल्मीकी रामायणात याचा नमुना आहे. नलाचा शंभर योजनांचा सेतू पाच दिवसांत होतो, पण रोजचा हिशोब दिलाय: १४, २०, २१, २२ आणि २३ योजनं. पहिल्या दिवशी काम कमी, मग हात बसतो तसं वाढत जातं. वानर झाडं-शिळा आणताहेत, कोणी दोऱ्या धरून माप घेतंय, देखरेखीला विश्वकर्म्याचा मुलगा. अचाट आहे, पण कामाची जागा डोळ्यांसमोर उभी राहते.

काहीच न बिघडणं

ग्रीक इतिहासकार हीरोडोटसच्या सांगण्याप्रमाणे इराणी सम्राट झर्क्सीसचा हेलेस्पाँटवरचा (आजच्या तुर्कस्तानातली डार्डनेल्स सामुद्रधुनी) पहिला पूल वादळात मोडला. त्याने समुद्राला तीनशे फटके मारवले आणि देखरेख करणाऱ्यांची मुंडकी उडवली. मग ६७४ जहाजं जोडून दुसऱ्यांदा घाट घातला. हे तुमच्या खलनायकाला सुचलं असतं का?

पूल बांधून विसरणं

पेरूमध्ये केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा पूल आसपासच्या गावांतले लोक दरवर्षी नव्याने विणतात, तीन-चार दिवसांत. दगडी पुलालाही डागडुजी लागते आणि तिला पैसा. लंडनच्या पुलावर तर घरं होती, त्यांच्या भाड्यातून खर्च निघायचा.

माझी कथा मी पुन्हा लिहिली. आता फौज नावा जोडून केलेल्या पुलावरून जाते. दगडी पुलाचा पहिला खांब पुरात पडतो, आणि शेवटच्या कमानीचा सांगाडा राजाची नात काढवते, तेव्हा ती स्वतः आजी झालेली असते. मामांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"छान. आणि टोल किती?"