सायबर सुरक्षा आणि एआयवर दोन कॉलेजं मिळून संशोधन करताय? या चुका टाळा

कोकणातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत अलीकडे अशी जोडी बऱ्याचदा जमते. नेटवर्क आणि सुरक्षा सांभाळणारे एका कॉलेजात, मशीन लर्निंगवाले दुसऱ्या. एक टीम लोणेऱ्याला, दुसरी रत्नागिरीला, कधी तिसरी पुण्या-मुंबईत. विषय बहुतेक ठरलेला असतो: नेटवर्कवरचा हल्ला मॉडेलने ओळखायचा. काही महिन्यांनी तक्रारही ठरलेलीच येते. पेपरात ९९ टक्के अचूकता दिसते आणि तेच मॉडेल कॉलेजच्या नेटवर्कवर लावलं की दिवसभर खोटे इशारे.

या तक्रारीचं कारण अल्गोरिदममध्ये क्वचितच असतं. डेटा कुठून आणि कसा आला हे नेटवर्कवाल्यांना माहीत असतं, पण त्यांना कुणी विचारलेलं नसतं. दोन्ही टीम आपापलं काम चोख करतात आणि घोटाळा होतो तो दोघांच्या मधे. म्हणून खालच्या बहुतेक चुका एकाच प्रश्नाने पकडता येतात: हे समोरच्या टीमला दाखवलं का?

९९ टक्के आले म्हणून पुढे जाणं

आकडा फार चांगला आला की आधी शंका घ्या. आजही अनेक प्रोजेक्ट केडीडी कप ९९ या नेटवर्कवरच्या नोंदींच्या डेटासेटवर उभे राहतात. तो १९९८ साली प्रयोगशाळेत तयार केलेल्या ट्रॅफिकवर आधारलेला आहे. २००९ साली त्याची तपासणी झाली तेव्हा ट्रेनिंगच्या (मॉडेलला शिकवायच्या) सुमारे ७८ टक्के आणि टेस्टच्या (तपासायच्या) सुमारे ७५ टक्के नोंदी निव्वळ पुनरावृत्ती निघाल्या. म्हणजे मॉडेल बरंचसं तेच तेच पुन्हा ओळखत होतं. त्यातून एनएसएल-केडीडी ही सुधारित आवृत्ती आली, पण ट्रॅफिक जुन्या काळातलंच राहिलं. आजच्या नेटवर्कवर जवळपास सगळं एन्क्रिप्ट केलेलं असतं. त्या डेटावर शिकलेल्या मॉडेलचा इथे काही उपयोग नाही.

नवा डेटासेट घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठाचा सीआयसी-आयडीएस-२०१७ खूप वापरला जातो. त्याचं ट्रॅफिक ३ ते ७ जुलै २०१७ या पाच दिवसांचं आहे. सोमवारी सगळं सुरळीत, हल्ला नाहीच. मंगळवारी पासवर्ड फोडण्याचे प्रयत्न, बुधवारी सेवा बंद पाडणारे हल्ले, शुक्रवारी बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या यंत्रांची टोळी) आणि पोर्ट स्कॅन (यंत्राची उघडी दारं चाचपणं). हल्ला करणारी यंत्रंही ठरलेली. आता यातला वेळेचा किंवा आयपीचा (यंत्राच्या नेटवर्क-पत्त्याचा) कॉलम ट्रेनिंगमध्ये राहून गेला, तर मॉडेल हल्ला ओळखायला शिकत नाही. ते फक्त वार आणि पत्ता पाठ करतं. शिवाय या डेटासेटच्या लेबलमध्येही (कुठली नोंद हल्ला, या खुणांमध्येही) चुका असल्याचं नंतरच्या तपासणीत दिसलं आहे, म्हणून तो वापरायचाच असेल तर दुरुस्त केलेली आवृत्ती घ्या.

तपासायला अर्धा तास पुरतो. एकेक कॉलम सुटा घेऊन त्यावरच साधं डिसिजन ट्री (हो-नाही प्रश्नांचं मॉडेल) चालवा. एकट्या कॉलमवर ९५ टक्के येत असतील तर उत्तर बहुधा तिथून गळतंय. तो कॉलम काय आहे हे नेटवर्कवाल्यांना विचारा, ते लगेच सांगतील. दुसरी गोष्ट म्हणजे ट्रेनिंग आणि टेस्टची विभागणी. नोंदी पिसून वेगळ्या करू नका. आधीच्या काळातल्या नोंदींवर शिकवा, नंतरच्या काळातल्या नोंदींवर तपासा. आकडा खाली येईल, आणि तो खरा असेल.

या चुका नवशिक्यांच्याच असतात असं समजू नका. २०२२ च्या युझनिक्स सिक्युरिटी परिषदेत मांडलेल्या एका अभ्यासाने नामवंत परिषदांमधले ३० पेपर तपासले. प्रत्येकात अशा किमान तीन चुका सापडल्या.

खोट्या इशाऱ्यांचा हिशेब न मांडणं

समजा तुमच्या नेटवर्कवर रोज १० लाख फ्लो (दोन यंत्रांमधले संवाद) होतात आणि त्यातले १०० वाईट आहेत. मॉडेल ९९ टक्के हल्ले पकडतं आणि चांगल्या ट्रॅफिकपैकी फक्त १ टक्का चुकून वाईट ठरवतं. ऐकायला उत्तम. आता मोजा. खरे इशारे ९९, खोटे ९,९९९. नेटवर्क सांभाळणाऱ्याने शंभर इशारे उघडावेत तेव्हा एक खरा निघेल. दुसऱ्या दिवशी तो उघडणं बंद करतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

दुसरीकडे, जे मॉडेल डोळे मिटून सगळंच 'सुरळीत' म्हणेल, त्याची अचूकता याच डेटावर ९९.९९ टक्के भरेल. म्हणून नुसती अचूकता लिहूच नका. संशोधक स्टेफान अॅक्सेलसन यांनी ही अडचण १९९९ सालीच मांडली आहे, तरी अजून पेपर अचूकतेवरच सजवले जातात याचं वाईट वाटतं. पहिल्या तक्त्यात दिवसाला किती खोटे इशारे येतील हा आकडा द्या. तो किती चालेल हे एआयच्या टीमने ठरवायचं नाही. जो माणूस ते इशारे उघडणार आहे त्याला विचारा. तो म्हणाला दिवसाला वीस, तर वीस.

इथलं 'नेहमीचं' काय, हे मॉडेलला न सांगणं

बाहेरच्या डेटासेटवर शिकलेलं मॉडेल कोकणात आणलं की ते हमखास अडखळतं ते लाईटवर. दुपारी लाईट जाते. सर्व्हर आणि मुख्य स्विच यूपीएसवर तगून राहतात, लॅबचे संगणक आणि खोल्यांमधले वायफायचे डबे बंद पडतात. लाईट येते आणि एकाच मिनिटात दोनेकशे यंत्रं जागी होतात. सगळी एकदम आयपी मागतात, सगळी एकदम डीएनएसला (साईटच्या नावावरून पत्ता देणाऱ्या सेवेला) विचारतात, वेळ जुळवतात, अपडेट शोधतात, आणि कॅमेरे रेकॉर्डरला हाका मारत सुटतात. मॉडेलच्या लेखी हा पूर (विनंत्यांचा मारा करणारा हल्ला) आणि स्कॅन दोन्ही एकदम. पावसाळ्यात हे दिवसातून तीनदाही होतं.

असंच निकालाच्या दिवशी, प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला. आणि गणपतीत. कॉलेज बंद असतं, हॉस्टेल रिकामं होतं, नेटवर्क एकदम शांत. त्याच वेळी गावातल्या पतसंस्थेच्या किंवा होमस्टेच्या नेटवर्कवर चाकरमान्यांचे शेकडो नवे फोन येतात. जूनमध्ये शिकवलेलं मॉडेल भाद्रपदात दोन्हीकडे चुकतं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. अशा काळातल्या लॉगमध्ये मोठी भोकं असतात. ती शून्यांनी भरून ट्रेनिंगला दिली तर मॉडेल भलतंच काही शिकतं.

यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. नेटवर्क रूममध्ये एक वही ठेवा. लाईट गेली-आली, स्विच बदलला, नवी लॅब सुरू झाली, ऑनलाईन परीक्षा होती, सुट्टी होती, सगळं तारीख-वेळेसकट. महिन्याच्या महिन्याला ती एआयच्या टीमकडे पाठवा आणि इशाऱ्यांच्या आलेखावर या नोंदी चढवून बघा. निम्म्या 'गूढ' इशाऱ्यांचा उलगडा तिथेच होतो. ही वही लिहिणाऱ्या लॅब असिस्टंटचं नाव पेपरात यायलाच हवं.

लॉग जुळत नाहीत? घड्याळ बघा

दोन कॉलेजांचे लॉग एकत्र केले आणि घटना एकमेकींशी लागत नसतील, तर फरक साडेपाच तासांचा आहे का ते आधी पाहा. एका फायरवॉलवर भारतीय वेळ आणि दुसरीकडे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हे नेहमीचं. फरक काही मिनिटांचा असेल आणि रोज वाढत असेल तर एखादं यंत्र वेळ जुळवतच नाहीये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी घड्याळं जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. साठवताना सगळं यूटीसीमध्ये ठेवा, दाखवताना भारतीय वेळ दाखवा.

नमुने आपोआप कमी होतायत?

मालवेअरचे (घातक सॉफ्टवेअरचे) नमुने ड्राईव्हवरून उतरवले, तेव्हा पाच हजार होते, आठवड्याने चार हजार तीनशे. बहुतेक वेळा हे अँटिव्हायरसचं काम असतं. ते नमुने मुकाट्याने बाजूला काढतं, आणि तेही सोपे, सगळ्यांना ठाऊक असलेले. उरलेला डेटा मग एकीकडे कललेला राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नमुने पासवर्ड घातलेल्या झिपमध्येच फिरवा, प्रत्येकाच्या एसएचए-२५६ हॅशची (फाईलच्या डिजिटल ठशाची) यादी ठेवा आणि प्रत्येक प्रयोगाआधी ती ताडून बघा. उघडायचे ते फक्त नेटवर्कपासून तोडलेल्या व्हर्च्युअल मशीनवर. ऑफिसच्या संगणकावर अँटिव्हायरस बंद करून ठेवणं हा उपाय नव्हे.

'आपल्याच गावची पतसंस्था आहे, बघूया तपासून'

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि ती चांगल्या हेतूनेच होते. विद्यार्थ्याला डेटा हवा असतो, स्थानिक संस्थेची वेबसाईट ढिली दिसते, तो स्कॅनर लावतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरलं तर नुकसानभरपाई मागता येते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारने 'संरक्षित' घोषित केलेल्या यंत्रणेला हात लावला तर कलम ७०, तिथे कैद दहा वर्षांपर्यंत. हेतू चांगला होता हे सिद्ध करण्यात विद्यार्थ्याची उमेदीची वर्षं जातात.

लेखी परवानगी घ्या. ओळखीतल्या संचालकाचा फोनवरचा होकार चालणार नाही. कुठली यंत्रं, कुठल्या तारखा, काय करायचं, काय करायचं नाही, काही बंद पडलं तर कुणाला फोन, हे सगळं त्या कागदावर हवं. दुसऱ्या कॉलेजच्या टीमचीही नावं त्यावर हवीत, कारण परवानगी एका कॉलेजला आणि स्कॅन दुसऱ्याच्या आयपीवरून, असं सर्रास होतं.

माणसांवर प्रयोग होतोय का, हेही आधी विचारा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा (कर्नल) सांभाळणाऱ्यांना न सांगता मुद्दाम सदोष बदल पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये संपूर्ण विद्यापीठाचे बदल घेणं थांबवण्यात आलं आणि पेपर मागे घ्यावा लागला. सहकाऱ्यांना फिशिंगचा खोटा ईमेल पाठवून निकाल मोजणारे आपल्याकडेही आहेत. आधी नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा. लॉग चाळताना खरोखरचा शिरकाव सापडला तर? सर्ट-इनला कळवायची मुदत लक्षात आल्यापासून सहा तासांची आहे. शनिवारी रात्री दुसऱ्या शहरातल्या विद्यार्थ्याला तो दिसला, तर त्याने कुणाला उठवायचं, हे करारात नाव आणि नंबरासकट असू द्या.

डेटा 'लपवला' असं समजणं

आयपी पत्त्यांचा हॅश करून फाईल पाठवली की ओळख पुसली गेली, असं अनेकांना वाटतं. आयपीव्ही४ चे एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला साध्या संगणकाला फार वेळ लागत नाही. कॉलेजच्या पत्त्यांची रेंज माहीत असेल तर क्षणभरच. गुप्त किल्ली वापरून केलेला हॅश घ्या आणि किल्ली डेटाच्या मूळ कॉलेजातच ठेवा. एकाच सबनेटमधली (नेटवर्कच्या एका भागातली) यंत्रं एकत्र दिसायला हवी असतील तर पत्त्यांची मांडणी जपून ते लपवणारी क्रिप्टो-पॅनसारखी पद्धत आहे. डीएनएसच्या नोंदी पाठवताना विशेष जपा. कोण कुठली साईट बघतं, कुणाला कुठला आजार आहे, हे त्यातून उघड होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ संशोधनाला सवलत देतो, पण त्या डेटावरून कुठल्याही एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही, ही अट आहे. म्हणजे लॉगवरून एखाद्या विद्यार्थ्यावर कारवाई सुरू झाली की ती सवलत गेली.

आणि फायरवॉलचा कच्चा लॉग चॅटबॉटमध्ये चिकटवून 'यात हल्ला कुठे आहे' असं विचारू नका. त्या लॉगमध्ये आतल्या यंत्रांची नावं असतात, कधी कधी चुकून टाईप झालेले पासवर्डही. ते तुमच्या हाताबाहेर गेले.

अनोळखी मॉडेल थेट उघडणं

सुरक्षेवर काम करणाऱ्या लॅबमध्ये हे व्हावं याचं वाईट वाटतं. पायथॉनच्या पिकल प्रकारची मॉडेल फाईल उघडताना तिच्यात दडवलेला कोड चालू शकतो. जमेल तिथे सेफटेन्सर्स हा कोड न चालवणारा फाईल-प्रकार वापरा, नाहीतर वेगळ्या मशीनवर उघडा.

ओळखीच्या हल्ल्यांवरच समाधान मानणं

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा मालवेअर पसरला तेव्हा न्हावाशेव्याच्या बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला होता आणि पुढे पसरताना चोरलेल्या पासवर्डांसकट व्यवस्थापकांचीच नेहमीची साधनं वापरत होता. लेबल लावलेल्या जुन्या डेटात असलं काही नसतंच. आपल्या किनाऱ्यावर घडलेली ही गोष्ट आहे, म्हणून इथल्या प्रत्येक टीमने एक चाचणी करावी: एक हल्ल्याचा प्रकार ट्रेनिंगमधून पूर्ण वगळा आणि मॉडेल तो ओळखतं का पाहा. मग दुसरा वगळा. हे निकाल कितीही पडेल आले तरी छापा.

सुरुवात करतानाच एक करार करून ठेवा. नेटवर्कवाल्यांनी दोन आठवड्यांचा ताजा डेटा स्वतःजवळ कुलपात ठेवायचा, त्यात एखादी लाईट जाण्याची दुपार असलेली बरी. एआयच्या टीमने मॉडेल पूर्ण गोठवून हवाली केल्यावरच तो डेटा एकदा चालवायचा. पेपरात जाणारा आकडा तोच. तो बघून मॉडेल पुन्हा सुधारलं, तर पुन्हा नवे दोन आठवडे जमेपर्यंत थांबायचं.