मुलाला पॅटी मिल्स करायचंय? मग या चुका टाळा

मेलबर्नच्या आमच्या क्लबात बारा वर्षांखालच्या मुलांना बास्केटबॉल शिकवायला मी मदत करतो. हल्ली कोर्टाच्या कडेला मराठी बोलणं बरंच ऐकू येतं, त्याचा आनंदच आहे. पण टोकियो ऑलिम्पिक झाल्यापासून दर हंगामात दोन-तीन बाबा तरी येऊन सांगतात, "सर, ह्याला गार्ड करायचंय. पॅटी मिल्ससारखा." (गार्ड म्हणजे चेंडू हाताळत डाव रचणारा खेळाडू.) मुलगा शेजारी उभा राहून बुटाची नाडी चावत असतो.

मिल्सचं नाव घेतलं तर मला बरंच वाटतं. सहा फुटांच्या आसपास उंची असलेला कॅनबराचा हा मुलगा पाच ऑलिम्पिक खेळला आणि अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगचा विजेता झाला, तेव्हा आदर्श म्हणून तो चांगलाच आहे. अडचण अशी की लोक त्याच्या कारकिर्दीतली ७ ऑगस्ट २०२१ ची एक संध्याकाळ उचलतात आणि उरलेली सगळी कारकीर्द टाकून देतात. त्या संध्याकाळी त्याने स्लोव्हेनियाविरुद्ध ४२ गुण केले आणि ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाला बास्केटबॉलमधलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळालं. पुढच्या सगळ्या चुका त्या ४२ पासून सुरू होतात.

गुण मोजत बसणं

ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार.

गेल्या हंगामात आमच्या संघात एक चुणचुणीत मुलगा होता. हात चांगला, नजर त्याहून चांगली. त्याचे बाबा प्रत्येक सामन्याला फोनवर तक्ता उघडून बसायचे. मुलाने बास्केट केली की नोंद, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) चुकला की नोंद. त्याच्या पासवर दुसऱ्याने बास्केट केली तर मात्र काहीच नाही, कारण तक्त्यात तो रकानाच नव्हता. हळूहळू मुलगा चेंडू मिळाला की आधी बाबांकडे बघायला लागला. मग त्याने पास देणंच सोडलं. एका सामन्यात डाव्या बाजूला आमचा एक खेळाडू एकटा, मोकळा, हात वर करून उभा असताना हा तिघांच्या मध्ये घुसला आणि चेंडू घालवून आला. मी त्याला बाहेर बोलावलं. सामना संपल्यावर बाबा तणतणत आले, "तुम्ही त्याला बेंचवर का बसवता? बेंचवर बसून कोणी मिल्स होतं का?"

अहो, बेंचवर बसूनच झाला तो!

मिल्स मार्च २०१२ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सकडे आला. पहिला गार्ड टोनी पार्कर, त्याच्यासोबत मानू जिनोबिली. यांच्यामागे मिल्सच्या वाट्याला किती मिनिटं येणार? २०१२-१३ च्या हंगामात तो ओळखला जायचा तो बेंचवरून टॉवेल फिरवण्यासाठी. सहकाऱ्याने बास्केट केली की हा उडी मारून उभा. लोक हसायचे. पुढे कोच ग्रेग पॉपोविच यांनी पत्रकारांसमोर त्याच्या तेव्हाच्या वजनाची बेधडक टर उडवली होती. मिल्सने २०१३ च्या उन्हाळ्यात वजन उतरवलं, दम वाढवला आणि २०१३-१४ च्या हंगामात बेंचवरूनच येऊन सामन्यामागे १०.२ गुण केले. थ्री पॉइंटरची, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून टाकलेल्या तीन गुणांच्या शॉटची, टक्केवारी ४२.५.

त्याच हंगामातल्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना, १५ जून २०१४. मायामीने सुरुवातीलाच २२-६ अशी आघाडी घेतली होती. शेवटी स्पर्स १०४-८७ ने जिंकले. मिल्सचे गुण १७ आणि त्यातले १४ एकट्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये. बदली खेळाडू म्हणून उतरून हे केलं. एनबीएच्या सगळ्या कारकिर्दीची सरासरी काढली तर ती नऊच्या आसपास येते. आमच्या तक्तावाल्या बाबांच्या हिशोबाने हा खेळाडू 'सामान्य' ठरतो.

आता दुसरी वही उघडा. लंडन ऑलिम्पिक २०१२ मध्ये अख्ख्या स्पर्धेत सामन्यामागे सर्वाधिक गुण कोणाचे? मिल्सचे, २१.२. रशियाविरुद्ध तर भोंगा वाजतावाजता थ्री पॉइंटर टाकून सामना ८२-८० असा खेचला. खेळाडू तोच, काम वेगळं. सॅन अँटोनियोत त्याने मोजकी मिनिटं जीव तोडून खेळायची होती, ऑस्ट्रेलियासाठी सगळा भार उचलायचा होता. ज्याला दोन्ही जमतं त्यालाच गार्ड म्हणतात, असं माझं मत आहे आणि ते बदलायची मला गरज वाटत नाही.

अँड्र्यू गेझचं उदाहरण तर याहून झणझणीत. पाच ऑलिम्पिक, ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमध्ये सात वेळा सर्वोत्तम खेळाडू, सिडनी २००० ला देशाचा ध्वजवाहक. एनबीएमध्ये सामने किती? एकूण २६. मेलबर्नमध्ये कोणा जुन्या जाणत्याला जाऊन सांगा की गेझची कारकीर्द साधारण होती. तो चहासुद्धा विचारणार नाही.

माझा उपाय अगदी घरगुती आहे. बेंचवरच्या मुलाने आत जायच्या आधी मला दोन गोष्टी सांगायच्या: समोरच्या संघात डावखुरा कोण, आणि दमलेला कोण. सांगता आलं नाही तर अजून जरा वेळ बस, बघ. काही पालकांना ही शिक्षा वाटते. पण त्या चुणचुणीत मुलाने एकदा मला सांगितलं, "त्यांचा सात नंबर उजव्या हाताने ड्रिबल करतच नाही." पुढच्या दोन मिनिटांत त्याने त्या सात नंबरचा चेंडू दोनदा काढला. तक्त्यात अर्थातच शून्य.

चालता येत नाही आणि थ्री पॉइंटर

दुसरी चूक गॅरेजसमोरच्या अंगणात होते. नवीन घर, नवीन हूप. कंपनीने रिंग खाली-वर करायची सोय दिलेली असते, पण बाबा ती थेट दहा फुटांवर नेऊन घट्ट करतात, कारण 'एनबीएत तेवढीच असते'. चेंडूही मोठ्यांचा, सात नंबरचा. आणि दहा वर्षांचं पोर थ्रीच्या रेषेवरून तो चेंडू कमरेजवळून, अख्खं अंग पिळून भिरकावतं. एखादा जातोही आत. लगेच व्हिडिओ काढून ग्रुपवर! साधी पोळी लाटता येत नाही आणि पुरणपोळीचा घाट घातलाय, असा हा प्रकार.

याचं नुकसान लगेच दिसत नाही, हाच त्रास आहे. कोपर बाहेर, डावा अंगठा चेंडूला ढकलतोय, पाय हवेत कात्रीसारखे. ही सवय एकदा हाडात मुरली की चौदाव्या वर्षी ती काढताना मुलगाही रडतो आणि कोचही. मी अशी मुलं पाहिलीत की ज्यांना मोकळा ले-अप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट, चुकतो, पण 'रेंज' मात्र अफाट असते, म्हणे.

मिल्सचा शॉट नीट बघा. चेंडू नव्हे, पाय बघा. तो स्क्रीनला, म्हणजे बचावपटूची वाट अडवून उभ्या सहकाऱ्याला, घासून वळतो तेव्हा धावण्याचा वेग पूर्ण असतो. चेंडू हातात पडायच्या आत पाय रिंगच्या दिशेला लागलेले असतात, गुडघे वाकलेले असतात. चेंडू आला की तो खाली न नेता तिथूनच वर. उंच बचावपटूच्या हातावरून शॉट काढायला त्याच्याकडे जेमतेम एक क्षण असतो. ते सगळं पायांनी आणि दमाने होतं. मनगट शेवटी येतं.

मी काय करतो? रिंग आठ फुटांवर आणतो. चेंडू पाच किंवा सहा नंबरचा. रिंगच्या एक पाऊल पुढे उभं राहून एका हाताने शॉट. दुसरा हात पाठीमागे. सलग पाच गेले की एक पाऊल मागे, चुकला की पुन्हा पुढे. मुलांना कंटाळा येतो, कबूल. पालकांना त्याहून जास्त येतो. "सर, मॅचमध्ये असा एका हाताने शॉट कुठे असतो?" असं मला विचारलं गेलंय. मी काही उत्तर देत नाही, चेंडू देतो आणि म्हणतो, तुम्ही पाच सलग टाकून दाखवा. अजून कोणी टाकले नाहीत.

ड्राफ्टचा नंबर आणि कॉलेजचं नाव

२००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, मिल्स ५५ वा निवडला गेला. एकूण जागा ६०. ऑस्ट्रेलियाच्याच मॅथ्यू डेलाव्हेडोव्हाला २०१३ मध्ये कोणी निवडलंच नाही आणि दोन वर्षांनी तो क्लीव्हलँडकडून अंतिम मालिकेत खेळत होता, एका सामन्यात २० गुण करून आणि मग अंगात पाणी न उरल्याने दवाखान्यात जाऊन. दोघेही शिकले कॅलिफोर्नियातल्या मोरागा इथल्या सेंट मेरीज या छोट्याशा कॉलेजात. तेव्हा सातवीतल्या मुलासाठी ड्यूकसारख्या नावाजलेल्या विद्यापीठाची फी बघत बसू नका. आधी त्याला डाव्या हाताने ड्रिबल येऊ द्या.

सरळ चढती रेघ शोधणं

मिल्सची रेघ सरळ नाहीच. कॉलेजात हात मोडला, ड्राफ्ट झाल्याझाल्या पाय मोडला, मग त्याला निवडणाऱ्या पोर्टलँडने खालच्या लीगमध्ये आयडाहोला पाठवला. २०११ मध्ये एनबीए बंद पडली तेव्हा मेलबर्न टायगर्सकडून खेळला, तिथून चीनमध्ये शिनजियांगला गेला आणि ते प्रकरण अर्ध्यातच तुटलं. त्यानंतर कुठे स्पर्स. विजेतेपदानंतर लगेच खांद्याची शस्त्रक्रिया. तुमच्या मुलाला एका वर्षी क्लबच्या निवडक मुलांच्या रेप टीममध्ये घेतलं नाही म्हणून क्लब बदलणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

दुखऱ्या घोट्यावर खेळवणं

नका. बस.

जिथे-तिथे 'पहिला' लावणं

हे मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये दर वर्षी दिसतं, आणि चूक मुलाची नसते, घाईघाईत सांगणाऱ्या मोठ्यांची असते. 'मिल्स हा एनबीएत खेळणारा पहिला मूळनिवासी ऑस्ट्रेलियन.' नाही. त्याच्याआधी नेथन जवाई खेळला. 'ऑलिम्पिक बास्केटबॉल खेळणारा पहिला.' तेही नाही. १९६४ ला मायकल आह मॅट होते, १९८० आणि १९८४ ला डॅनी मोर्सू होते, आणि मोर्सू तर मिल्सचे नात्यातले काका. पहिलेपणा आहे तो वेगळा: टोकियोच्या उद्घाटन सोहळ्यात केट कॅम्पबेलबरोबर त्याने ऑस्ट्रेलियाचा झेंडा धरला, आणि उद्घाटनाला तो मान मिळालेला तो पहिला मूळनिवासी खेळाडू.

दुसरी गफलत याहून गंभीर. ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर हे दोन वेगळे समाज आहेत. मिल्सचे वडील टॉरेस स्ट्रेटचे, म्हणजे क्वीन्सलँड आणि न्यू गिनी यांच्यामधल्या बेटांकडचे. आई दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल समाजाची. दोन्ही एकाच टोपलीत टाकू नका. इथे राहायचं, इथल्या जमिनीवर घर घ्यायचं, तर एवढं ठाऊक असावं. १९९२ चा माबो निकाल, ज्याने या मूळ लोकांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला, तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते एडी माबो मिल्सच्या आजोबांच्या पिढीतले आप्त. २०१४ च्या अंतिम मालिकेच्या तोंडावर पॉपोविचनी स्पर्सच्या खेळाडूंना बसवून माबोंची गोष्ट सांगितली होती. २०२० मध्ये करोनाच्या काळात उरलेल्या सामन्यांचं सगळं मानधन, दहा लाख डॉलरांहून थोडं जास्त, मिल्सने ऑस्ट्रेलियातल्या वर्णद्वेषविरोधी कामाला देऊन टाकलं. कारकीर्द सांगायची तर हे वगळून कसं चालेल?

टोकियो सांगणं, रिओ गाळणं

टोकियोच्या आधी ऑस्ट्रेलियाचे पुरुष चार वेळा चौथे आले होते: १९८८, १९९६, २०००, २०१६. पहिल्या तीन वेळा हार स्पष्ट होती. रिओला मात्र कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्ध ८९-८८, एका गुणाने हार. मिल्सचे ३० गुण, आणि शेवटची साडेपाच सेकंदही उरली नसताना सर्जिओ रॉड्रिगेझवर फाउल दिला गेला तो मिल्सचाच. तो फाउल होता का यावर इथे अजून वाद घालतात. मला विचाराल तर असा फाउल शेवटच्या क्षणी कोणी देऊ नये. रॉड्रिगेझने दोन्ही फ्री थ्रो टाकले. पॅरिस २०२४ लाही तसंच: पस्तिशीतल्या मिल्सने सर्बियाविरुद्ध अखेरच्या क्षणी शॉट टाकून सामना जादा वेळेत नेला, २६ गुण केले, आणि २४ गुणांची आघाडी घालवलेला संघ शेवटी ९५-९० ने हरला. ते २६ गुण आमच्या पालकांच्या ग्रुपवर कोणालाच आठवत नाहीत.

म्हणून मुलांना मी टोकियो दाखवत नाही, रिओचा शेवट दाखवतो. दोन फ्री थ्रो गेलेत, ऑस्ट्रेलिया एका गुणाने मागे, पाच सेकंद उरलीत. तिथे व्हिडिओ थांबवतो आणि विचारतो, तू असतास तर चेंडू कुठे मागितला असतास? बहुतेक मुलं धावत जाऊन थ्रीच्या रेषेबाहेर उभी राहतात. एकच गुण कमी आहे, म्हणजे जवळची दोन गुणांची बास्केटही पुरेल, याकडे एखाद्याचंच लक्ष जातं. त्याला मी पुढच्या शनिवारी चेंडू आणायचं काम देतो, बाकीचे ले-अपच्या रांगेत.