घाट उतरण्यापूर्वी गाडीच्या ब्रेकची तयारी

नाशिकहून कसारा घाटाने मुंबईकडे उतरायचे असो किंवा दिंडोरी-वणीमार्गे सप्तशृंग गडावर जाऊन पुन्हा नांदुरीला यायचे असो, गाडीचे ब्रेक निघायच्या सकाळी नव्हे, तर निदान चार दिवस आधी तपासून घ्यावेत, कारण दोष सापडलाच तर सुटे भाग मिळवायला आणि मिस्त्रीला काम शांतपणे करायला वेळ हवा. द्वारका चौकाच्या गर्दीत व्यवस्थित लागणारा ब्रेक घाटातही तसाच लागेल, असे गृहीत धरू नये. शहरात वेग कमी असतो आणि ब्रेकला थंड व्हायला उसंत मिळते. माणसे व सामान भरलेली गाडी सलग उतारावरून खाली येते तेव्हा ती मिळत नाही.

सुरुवात ब्रेक ऑइलपासून करावी, कारण सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. गाडी सपाट जागी उभी करून बॉनेट उघडावे, टाकीवरच्या ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ या खुणांच्या दरम्यान पातळी आहे ना ते पाहावे, आणि झाकण उघडायचेच असेल तर आधी भोवतालची धूळ पुसून घ्यावी. पातळी खाली गेली असेल, तर नुसती भर घालून मोकळे होऊ नये. पॅड (चाकाच्या डिस्कवर दाबले जाऊन गाडी थांबवणारे भाग) झिजले की पातळी हळूहळू उतरतेच, पण गळतीमुळेही ती उतरते, आणि चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ती गाडी दुरुस्तीशिवाय घाटात नेऊ नये. पातळी ठीक असली तरी ऑइल किती जुने आहे ते विचारावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो: डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांची आहे. लांब उतारावर ऑइल तापून उकळले की नळीत वाफ धरते, वाफ दाबली जाते पण चाकापर्यंत जोर पोहोचवत नाही, आणि पेडल थेट तळाला जाते. गाडीच्या पुस्तिकेत वेगळी मुदत दिली नसेल, तर साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलून ब्लीडिंग (नळीत अडकलेली हवा काढणे) करून घेणे योग्य.

त्यानंतर पेडल. इंजिन बंद ठेवून ते चार-पाच वेळा दाबावे म्हणजे कडक होते. मग दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करीत आहे. तसेच कडक राहिले तर तो दाखवून घ्यावा. पाय घट्ट ठेवल्यावर पेडल सावकाश खाली बसत असेल, तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा (पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या भागाचा) दोष संभवतो. पेडल स्पंजसारखे मऊ लागत असेल, तर बहुधा नळीत हवा धरलेली असते. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय काहींना असते. तसे केल्यावर बूस्टरची मदत दोन-तीन दाबांतच संपते, म्हणून ही सवय कायमची सोडावी.

पॅड पाहण्यासाठी चाके काढावीत. पॅडचे अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आले असेल, तर घाटाआधीच नवे बसवावेत, आणि ते दोन्ही बाजूंना एकदमच बदलावेत. डिस्कवर खोल चरे किंवा कडेला उंच काठ आला आहे का, तेही पाहावे. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम असतील, तर ते उघडून लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) पाहण्याचा आग्रह धरावा. गॅरेजमध्ये हे काम अनेकदा टाळले जाते. हँडब्रेक हलक्या चढावर लावून पाहावा, आणि टायरची हवा सारखी करून घ्यावी, नाहीतर पुढच्या चाचणीत गाडी कुठे ओढते ते नीट कळणार नाही.

ती चाचणी पहाटे, वर्दळ नसलेल्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही याची खात्री करून घ्यावी. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने स्टीअरिंग हलके धरून ब्रेक दाबावा: गाडी एका बाजूला ओढली जाते का, स्टीअरिंग थरथरते का, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो का, याकडे लक्ष द्यावे. एबीएसचा (ब्रेक जोरात दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा इंजिन सुरू झाल्यावर विझला नाही, तर तो दोष आधी काढावा.

यात्राकाळात गडावर खासगी वाहने सोडत नाहीत आणि नांदुरीहून एसटीने जावे लागते. एरवी स्वतःची गाडी नेली, तर उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. खाली पोहोचल्यावर गाडी बाजूला घ्यावी आणि चारही चाकांजवळ, हात न लावता, धग जाणून घ्यावी. पुढच्या किंवा मागच्या डाव्या-उजव्या जोडीपैकी एकाच चाकाची धग फार जास्त असेल, तर त्या बाजूचा ब्रेक अडकून राहत असावा. गाडी थंड होऊ द्यावी आणि पुढे जाण्याआधी जवळच्या मिस्त्रीला ते चाक उघडून पाहायला सांगावे.